गुरुजींचं रक्त आणि माझं पत्रक

काका झिंगत चालतात ही बातमी मला खोडाळ्याच्या बाजारात कळली, आणि ती सांगणाऱ्या बाईच्या हातात मी तिथल्या तिथे एक पत्रक दिलं. पत्रक दारूबंदीचं होतं आणि लिहिलेलं काकांचंच होतं. तिने ते घेतलं, घडी घातली, त्यात मिरच्या बांधल्या आणि म्हणाली, "त्यालाच दे ना बाय, वाचायला."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर शाळेत मास्तर होते. आठवडाभर शाळेमागच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारच्या जीपने जव्हारला घरी यायचे. माझे आईवडील खोडाळ्याला शेती बघत आणि मी शिकायला काका-काकूंकडे होते. जव्हारच्या त्या घराला तीन खोल्या होत्या, त्यातली एक पत्रकांची. लाकडी पेटीवर सायक्लोस्टाइलचं यंत्र, शाईच्या नळ्या, कागदांचे गठ्ठे. मी अक्षरं शिकले ती तिथेच, आणि मला वाचता आलेला पहिला शब्द 'बंधुभगिनींनो' हा आहे. इतर मुलं रुसली की कोपऱ्यात जाऊन बसत. मी नऊ वर्षांची असताना रोजच्या दोडक्याविरुद्ध पत्रक काढून ते चुलीमागच्या भिंतीवर चिकटवलं होतं. काकूने त्याखाली कोळशाने लिहिलं, "मागणी फेटाळण्यात येत आहे," आणि दोडका केला.

काकांचा मुख्य विषय दारूबंदी. पाड्यावर देवाला दोन थेंब शिंपडावे लागतात, लग्नात पाहुण्यांपुढे पेला ठेवावा लागतो, ह्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. त्यांचा राग होता तो नवसागर घालून पाडलेल्या, रबरी ट्यूबमध्ये भरून विकायला येणाऱ्या दारूवर. पण एवढा फरक पत्रकाच्या मथळ्यात मावत नाही. मथळ्यात 'दारू हटवा' एवढंच मावतं. त्यामुळे दोन तालुक्यांच्या लेखी काका प्रत्येक थेंबाचे वैरी होते. आणि आता तेच झिंगत होते.

खरं तर सुरुवात डोळ्यापासून झाली होती. एक दिवस डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं. डोळा फिरवला की दुखायचा. महिन्याभरात तो आपोआप बरा झाला, आम्ही सगळा दोष शाईच्या वासाला दिला आणि काकूने यंत्र ओटीवर काढलं. दुसऱ्या वर्षी पायांची पाळी आली. चप्पल पायातून निघून मागे राहायची आणि काकांना ते वीस पावलं गेल्यावरही कळायचं नाही. पाड्यावर कुणी ना कुणी त्यांच्या मागून चप्पल घेऊन येताना दिसायचं. मग पावलं वेडीवाकडी पडू लागली, उन्हात जास्तच. आणि बाजार तर उन्हातच भरतो. शेवटी जीभ जड झाली. मोखाड्याच्या एका सभेत 'व्यसनमुक्ती' हा शब्द त्यांना तीन वेळा सुरू करावा लागला. तिसऱ्या वेळी पुढच्या रांगेतला एक म्हातारा मायेने म्हणाला, "राहू दे गुरुजी, उद्या सांग."

त्या सभेनंतर पंचायत समितीत अर्ज गेला. सदर शिक्षक मद्यधुंद अवस्थेत शाळेत येतात, चौकशी व्हावी. खाली 'एक जागरूक नागरिक' एवढंच. आम्हाला नक्कल मिळाली तेव्हा काकांनी ती शिक्षकाच्या नजरेने वाचली आणि म्हणाले, अर्ज चांगला आहे, मुद्द्याला धरून आहे. लोकांनी अर्ज लिहायला शिकावं म्हणून पंधरा वर्षं घसा कोरडा करणारा माणूस दुसरं काय म्हणणार. पण चौकशीत आरोप खरा ठरला तर ते घरी बसणार होते, आणि दारूबंदीवाला मास्तर दारूत गेला ही गोष्ट ते असेपर्यंत आणि नंतरही सांगितली जाणार होती. जेवून हात धुताना काकूला म्हणाले, नोकरी गेली तर शेतावर जाईन, पण गोष्टीचं काय करायचं?

जव्हारच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तिथे काकांना एका नळीत झोपवून मेंदूचे फोटो काढले, पाठीच्या कण्यातून पाणी काढलं आणि आजाराचं नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. आम्ही ते कागदावर लिहून घेतलं, कारण तिघांपैकी कुणालाच ते दुसऱ्यांदा म्हणता येत नव्हतं. तीन दिवस सलाइनमधून औषध दिलं, त्याने पाय थोडे सुधारले. आजार बरा होत नाही, येतो-जातो, आणि जाताना काही ना काही घेऊन जातो, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं.

मी विजयी मुद्रेने तो रिपोर्ट घेऊन मोखाड्याला गेले. चौकशी ज्या विस्तार अधिकाऱ्यांकडे होती ते माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त कागदाला फार भीत. रिपोर्ट तीन पानी, इंग्रजी. साहेबांनी सगळा सोडून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं की मेंदूतले हे डाग अमुक आजाराचे सूचक आहेत, रुग्णाला तपासून मत बनवावं. सूचक म्हणजे नक्की नाही, साहेब म्हणाले. मी म्हटलं, इथे काकांचा मेंदू दिसतोय. ते म्हणाले, मेंदू सगळ्यांनाच असतो, रक्ताचा रिपोर्ट आणा, विषय संपला.

त्यांना हसण्यात अर्थ नाही. आमच्याकडे आजार रक्तातच असतो. ताप आला की आरोग्यसेवक पाड्यावर येऊन बोट टोचतो, काचेवर थेंब पुसतो आणि आठवड्याने मलेरिया आहे की नाही ते कळतं. रक्तात सापडला तो आजार, नाही सापडला तो आळस. मीही तेच मानत होते, फक्त मोठ्या आवाजात.

म्हणून आम्ही पुन्हा मुंबईला गेलो आणि रक्ताची तपासणी मागितली. तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या, संशोधन करणाऱ्या. त्या म्हणाल्या, ह्या आजाराची रक्ताची तपासणी नाही. तीच तर आम्ही शोधतोय. मग त्यांनी कागदावर एक तार काढून समजावलं. मेंदूकडून पायांकडे निरोप नेणाऱ्या तारांवर एक वेष्टण असतं. शरीराचे पहारेकरी जंतूंना मारण्यासाठी असतात, ह्या आजारात ते चुकून स्वतःच्याच वेष्टणावर तुटून पडतात. त्यांनी ह्या वेष्टणाविरुद्ध बनवलेली हत्यारं, म्हणजे अँटिबॉडीज, रक्तात तरंगताना सापडतात का, हे बघायचं होतं. नुसती सापडून उपयोग नाही. आजारी माणसात सापडली पाहिजेत आणि निरोगी माणसात सापडता कामा नयेत. तरच ती खूण.

काका बराच वेळ त्या तारेकडे बघत राहिले. "म्हणजे आपल्याच कार्यकर्त्यांनी आपलंच कार्यालय जाळलं," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी हे वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी काकांच्या रक्तासाठी परवानगी मागितली आणि जोडीला आणखी एक गोष्ट मागितली. तुलनेसाठी त्यांना निरोगी माणसांचं रक्त लागत होतं, आणि ती माणसं शक्यतो रुग्णाच्याच गावची हवी होती. त्याच वयाची, तेच पाणी पिणारी, पण रक्ताच्या नात्यातली नकोत. मुंबईतल्या रुग्णांसाठी त्यांना अशी माणसं मिळत. मोखाड्याच्या रुग्णासाठी कुठून आणणार? मी छातीवर हात ठेवून आठ माणसांचा शब्द दिला.

बाईंनी मला दोन वेळा सांगितलं होतं की शोध चालू आहे, हाती काही लागेलच असं नाही. त्यातलं 'शोध चालू आहे' एवढं मी ऐकलं. परतीच्या एसटीत, कसारा घाट येईपर्यंत, माझं पत्रक तयार होतं. मथळा: 'रक्तच बोलेल'. त्यात मी लिहिलं की गुरुजींवर चिखल उडवणाऱ्यांनी थोडं थांबावं. मुंबईचे शास्त्रज्ञ स्वतः पाड्यावर येत आहेत. गुरुजींच्या रक्तात दारू नाही, आजार आहे, हे विज्ञान लवकरच जाहीर करील. त्या दिवशी निंदकांनी तोंड कुठे लपवायचं ते आत्ताच ठरवून ठेवावं. काकूने वाचलं आणि विचारलं, हे त्या बाईंना दाखवलंस का? मी म्हटलं, चळवळ परवानगी मागून होत नाही. पाचशे प्रती काढल्या. जव्हारच्या डेपोत, मोखाड्याच्या बाजारात, खोडाळ्याला, सगळीकडे स्वतः वाटल्या. मिरच्यावाल्या बाईला दोन दिल्या. पत्रकाचा एक फायदा ताबडतोब झाला: साहेबांनी चौकशी 'रक्ताचा अहवाल प्राप्त होईपर्यंत' पुढे ढकलली.

आता आठ माणसं. मी आधी तत्त्वाने गेले, म्हणजे दारूबंदी मंडळाच्या सभासदांकडे. मंडळात त्या सुमारास पाचजण उरले होते, त्यांतले तिघे आमच्या भावकीतले, एक साठीचा आणि एक मी. डॉक्टरबाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, निवडक सज्जन नकोत, साधी माणसं हवीत, पाड्यावरची चालतील. फक्त आधीचे दोन दिवस कुणी दारू घ्यायची नाही.

फोन ठेवल्यावर मी एसटीडी बूथच्या काचेला डोकं टेकवून उभी राहिले.

शाळेसमोर हातपंप होता आणि हातपंपाला लागून एकाचं घर. वय काकांएवढंच. नागली-वरई करायचा, भात झोडून झालं की कधी ठाण्याला बांधकामावर जायचा, आणि बारा महिने प्यायचा, कुणापासून न लपवता. काकांनी त्याला प्रौढ वर्गात वाचायला शिकवलं होतं. पुस्तकं वेळेवर आली नव्हती म्हणून दारूबंदीच्या पत्रकांवर शिकवलं. त्याला सगळ्यात आधी वाचता आलेला शब्द 'दारू' होता आणि त्यासाठी तो काकांचा जन्माचा ऋणी होता. पाड्यावर त्याचा शब्द चाले. मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसले आणि सगळं समजावलं: तारा, वेष्टण, पहारेकरी. त्याने एकच विचारलं, रगतात दारू दिसंल का, पोलिसांला कळंल का? मी म्हटलं, दारू कुणी बघणार नाही, पण दोन दिवस प्यायची नाही. तो हसला नाही. गुरुजीसाठी ना, एवढं विचारून उठला आणि संध्याकाळपर्यंत सातजण जमवून आला.

मग कळलं की डॉक्टरबाईंनी दिलेल्या दिवशी शेजारच्या पाड्यावर लग्न आहे. आमच्याकडचं लग्न एका दिवसात उरकत नाही, आणि त्यात पुढे आलेला पेला परत करणं म्हणजे मुलीकडच्यांच्या तोंडावर दार लावणं. आठहीजण नात्यातले वऱ्हाडी. त्यांना लग्न टाळता येत नव्हतं, मला तारीख बदलता येत नव्हती. दोन दिवस ते मांडवात पेले हातात धरून नुसते बसले. देवाचे थेंब शिंपडले, उरलेलं जमिनीवर ओतलं. यजमान दुखावले. आमची दारू वाईट हाय का, इथपर्यंत गेलं. तेव्हा हातपंपवाल्याने उभं राहून सांगितलं की आमचं रगत परवापर्यंत सरकारकडं गहाण हाय. सरकारचा ह्यात काही संबंध नव्हता, पण यजमानांना तेवढं पटलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात यशस्वी दारूबंदी होती आणि तिच्यावर मला एक ओळही लिहिता येत नव्हती, कारण तिच्या अटीतच लिहिलं होतं की ती तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला संपेल.

डॉक्टरबाई बर्फाची पेटी घेऊन जीपने आल्या. शाळेच्या ओटीवर सतरंजी घातली. नववे काका. सगळ्यांत जास्त वाद झाला तो नळ्यांवरून. बाई नळीवर नाव न लिहिता नुसता आकडा लिहीत होत्या. हातपंपवाल्याला ते खपलं नाही. माझं नाव नाय तर ते रगत माझं कसं, म्हणाला. मीही लगेच त्याच्या बाजूने उभी राहिले, नमुन्यावर नाव हा देणाऱ्याचा हक्क आहे वगैरे. बाईंनी शांतपणे सांगितलं की प्रयोगशाळेत बघणाऱ्याला कोण आजारी आणि कोण निरोगी हे कळता कामा नये, नाहीतर त्याला जे हवं तेच दिसतं. काका सतरंजीवरून म्हणाले, गुप्त मतदान आहे, देऊन टाका. रक्त झालं, आठहीजण दंडावरचा कापूस दाबत लग्नाच्या वाटेला लागले, आणि त्यांच्या चालण्याचा वेग बघून बाई मला म्हणाल्या, ही खरंच निरोगी दिसतात हो.

मग आठ महिने काही नाही. मधल्या काळात काकांना एकदा पुन्हा झटका आला, पुन्हा सलाइन झालं. हातात काठी आली. काठी बघून बाजारात म्हणू लागले की आता फारच झाली. पाचवी-सहावीतल्या मुलांनाही तोंडपाठ झालेलं माझं पत्रक मला लोक रस्त्यात म्हणून दाखवायचे: बाय, बोललं का रगत?

बोललं. पावसाळ्याच्या शेवटी डॉक्टरबाईंचं पत्र आलं, हाताने लिहिलेलं, मराठीत. त्या ज्या अँटिबॉडीज शोधत होत्या त्या काही रुग्णांत सापडल्या, काहींत नाही. आणि काही पूर्ण निरोगी माणसांतही सापडल्या. म्हणजे ही खूण धरून आजार ओळखता येणार नाही. कुणाच्या रक्तात काय निघालं हे त्यांना सांगता येत नव्हतं, तसं आधीच ठरलं होतं. एक वाट बंद आहे एवढं कळलं, आता दुसरी बघू, आणि तुमच्या आठजणांना माझा नमस्कार सांगा. मी ते पत्र तीनदा वाचलं. 'आम्हाला माहीत नाही' असं सरळ लिहिलेला कागद आमच्या घरात तोवर कधी आला नव्हता.

पत्रापाठोपाठ साहेबांची नोटीस आली. अहवालासाठी आणखी थांबता येणार नाही, सुनावणीला हजर राहावे.

ज्यांनी रक्त दिलं त्यांना निकाल कळलाच पाहिजे, हे तत्त्व मी सोडायला तयार नव्हते. पाड्यावर जाऊन आठहीजणांना पत्र वाचून दाखवलं. 'निरोगी माणसांतही सापडल्या' इथे ते एकमेकांकडे बघू लागले. आपल्यातलाच कोण? एकाने एक डोळा झाकून झाडाकडे बघितलं, मग दुसरा झाकून. एक म्हणाला त्याची चप्पल परवा चिखलात राहिली होती. हातपंपवाला अंगणातल्या दोरीवरून सरळ चालून आला आणि तरी त्याचं समाधान झालं नाही. मी त्यांना समजावलं की सापडलं म्हणजे आजार आहे असं नाही, हेच तर पत्र सांगतंय. त्यांनी मान हलवली. मी निघाल्यावर मात्र त्यांनी ठरवलं की मोखाड्याला साहेब रगताचीच सुनावणी घेतोय तर तिथेच जाऊन विचारावं. आणि तिथे पुन्हा रगत घेतलं तर पंचाईत नको म्हणून त्या आठांनी दोन दिवस आधीच पिणं बंद केलं. हे मला नंतर कळलं.

सुनावणीचा दिवस बाजाराचा होता. साहेबांच्या खोलीत ते स्वतः, एक कारकून, काका, काकू आणि मी. साहेबांनी फाइल उघडली आणि पहिलाच कागद माझा निघाला. 'रक्तच बोलेल', गोंदाने नीट चिकटवलेला, वर आवक क्रमांक टाकलेला. ते म्हणाले, विज्ञान जाहीर करील असं तुम्हीच छापलंय, आम्ही त्यावर विसंबून आठ महिने थांबलो, आता द्या. मी डॉक्टरबाईंचं पत्र दिलं. त्यांनी वाचलं, कारकुनाला वाचायला दिलं, परत घेतलं. मी बोलायला सुरुवात केली. संशोधन कसं चालतं, नकारात्मक निष्कर्षही निष्कर्षच असतो, मेंदूचे फोटो तर आहेतच, वगैरे. मी चांगलं बोलत होते आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता हे मला स्वतःच्याच आवाजावरून कळत होतं. काका खुर्चीत बसून माझ्या पत्रकाकडे बघत होते, तपासायला घेतलेल्या वहीकडे बघावं तसे. साहेब म्हणाले, म्हणजे रक्तात काही सिद्ध झालं नाही, असं लिहितो. आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात दारात आठजण उभे राहिले. केस ओले करून विंचरलेले, सदऱ्यांची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, चेहरे पडलेले. हातपंपवाल्याने आत येऊन विचारलं की आमच्यातल्या कुणाच्या रगतात निघालं ते साहेबांनी सांगावं. साहेबांना काही कळेना. हे कोण, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, ही निरोगी माणसं आहेत. काकांशी तुलना करायला ह्यांचं रक्त घेतलं होतं.

साहेबांनी त्याला आपादमस्तक बघितलं. ते तालुक्यातच लहानाचे मोठे झाले होते, त्याला ओळखत होते. दारू पिणाऱ्याची दारू पिणाऱ्याशीच तुलना केली होय, म्हणाले, छान.

हातपंपवाला टेबलाशी आला. "साहेब, तू गुरुजीचं रगत कशाला बघतो? मला विचार ना. मी पितो, तालुक्याला ठाऊक हाय. पिणारा पायाकडं बघत नाय. त्याला वाटतं आपण बरोबरच चाललोय. गुरुजी एकेक पाऊल बघून टाकतो."

कारकुनाने लिहायला घेतलं.

"आन् सकाळी हा माझ्या दारात पंपावर येतो. तोंडाला साबण लावतो, डोळं मिटतो आन् पडतो. चारदा धरलाय मी त्याला. डोळं उघडलं की नीट उभा. दारूला डोळ्याशी काय घेणं?"

साहेब म्हणाले, सकाळीच घेत असतील.

"तोंड धुवायच्या आधी मी पण पीत नाय, साहेब."

कारकून मान खाली ठेवूनच म्हणाला, हे मात्र बरोबर आहे. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो पेनची निब तपासू लागला.

साहेबांनी काकांना उभं राहायला सांगितलं. मी हरकत घेणार होते. एका शिक्षकाला असं उभं करणं म्हणजे, एवढं तोंडात आलंही होतं. काकूने माझा हात धरला. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला, काठी काकूकडे दिली, पाय जुळवले आणि डोळे मिटले. एक-दोन क्षण ते सरळ होते. मग सैल रोवलेला खांब जातो तसे एका बाजूला गेले. हातपंपवाल्याचा हात आधीच तिथे होता, सवयीचा. काकांनी डोळे उघडले आणि ते उभे राहिले. साहेब म्हणाले, पुन्हा. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा उभं केलं ते चौकशीसाठी नव्हतं, त्यांना नवल वाटत होतं म्हणून. नंतर साहेबांनी स्वतः उठून, टेबलाला हात न लावता, डोळे मिटून बघितले. आठहीजणांनी लगोलग मिटले. ती सगळी खोली डोळे मिटून उभी होती आणि कुणीही पडलं नाही. दारातला एकजण सुटल्यासारखा मोठ्याने श्वास सोडून म्हणाला, माझ्यात नाय.

साहेबांनी लिहिलं: सदर शिक्षक मद्यप्राशन करीत नसल्याची खात्री झाली, ते डोळे मिटल्यावर पडतात, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे, त्यांना वर्गात बसून शिकवण्यास हरकत नाही. काकांनी एकच सुधारणा सुचवली. साक्षीदार साक्षीच्या वेळी शुद्धीत होता हेही नोंदवा, नाहीतर उद्या कुणी साक्षच खोडून काढेल. साहेबांनी ते नोंदवलं. साक्षीदाराने स्वतःच्या हाताने सही केली, वळणदार अक्षरात, आणि काका ती सही होईपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवून होते.

बाहेर आलो तर ऊन कडक होतं आणि काकांचे पाय उन्हाला लगेच दाद देत. समितीच्या पायऱ्या उतरतानाच ते डुलायला लागले. काठी पुरेना. हातपंपवाल्याने त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसरा हात कमरेला घातला. आता एसटी स्टँडपर्यंत जायचं म्हणजे भर बाजारातून. दोन्ही बाजूंना माणसं, टोपल्या, जीपवाल्यांच्या हाका. मला पुढचं दिसत होतं. दारूबंदीचे गुरुजी आणि तालुक्याला ठाऊक असलेला पिणारा, गळ्यात हात घालून, भर दुपारी, झोकांड्या खात. साहेबांचा कागद फाइलमध्ये होता आणि फाइल कुणी बाजारात आणत नाही.

मी काकांना म्हटलं, कचेरीच्या मागून एक वाट आहे. जरा लांब पडते, पण सावली आहे.

हातपंपवालाही थांबला. त्यालाही कळलं होतं. तो गुरुजींना म्हणाला की मी मागून येतो, तू तुझ्या बायकोचा हात धर. आणि त्याने काकांच्या कमरेचा हात काढायला सुरुवात केली.

काकांनी त्याचा खांदा सोडला नाही. समोर बाजाराकडे बघितलं, मग पायाकडे.

"मधून," ते म्हणाले, आणि पहिलं पाऊल बघून टाकलं.